'ग्रूमिंग'ला मराठीत काय म्हणाल?

पालकांसाठी चार पानी पत्रक मराठीत करतेय, विषय मुलांची ऑनलाइन सुरक्षा आणि त्याबद्दलची वेगवेगळ्या देशांची धोरणं. बाकी कसंबसं झालं पण ग्रूमिंगपाशी गाडी अडलीय. तसंच ठेवलं तर भाचीने वाचून विचारलं, "मावशी हे फेशियल-बिशियलचं आहे का?" फूस लावणे लिहिलं तर पळवून नेल्याची बातमी वाटते, आणि इथे तर मूल घरातच, स्वतःच्या खोलीत बसलेलं असतं. समोरचा महिनोन् महिने नुसतं गोड बोलतो, गेममधे कॉइन्स देतो, "आज बाई ओरडल्या का गं, मला सांग, आईला नको सांगू, उगाच चिडेल". ह्याला एक शब्द काय?

— जाळ्यात ओढणे. पेपरवाले तेच लिहितात, संपला विषय.

— नाही हो संपला. जाळ्यात ओढणं ही शेवटची पायरी, ताई आधीच्या पायऱ्यांबद्दल विचारतायत. मला तरी 'लळा लावणे' बरोबर वाटतं, कारण घडतं अगदी तेच, पोराला त्या माणसाशी बोलल्याशिवाय करमत नाही. फक्त लळा हा आजीने लावायचा शब्द, तो असा बदनाम करायचा जिवावर येतं. म्हणून 'कपटाने लळा लावणे'. लांब आहे पण आईबापांना समजावून सांगावं लागणार नाही.

— 'सलगी' कशी वाटते? नको तितकी सलगी म्हणतोच आपण. पण सलगी बघणाऱ्याला दिसते, हे तर कुणाच्या लक्षातच येत नाही, सो माझं मत लळ्याला.

— थोडं अवांतर, पण ताई तुम्ही 'सुरक्षा' लिहिलंय ते 'सुरक्षितता' करा. सुरक्षा म्हटलं की पहारा, गार्ड, मुलाच्या मोबाइलवर नजर, म्हणजे सगळं आईबापाच्या गळ्यात. सुरक्षितता म्हणजे ती जागाच धोक्याची नसणं. ब्रिटनने 2020 मधे मुलांच्या डेटासाठी जी आचारसंहिता आणली त्यात लोकेशन मुळातच बंद असावं, प्रायव्हसी सेटिंग आधीपासूनच कडक असावं असं अॅप बनवणाऱ्यांना सांगितलंय, मुलाने किंवा आईने शोधत बसायचं नाही.

— +1. तसंच ते 'बंदी'. ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर अकाउंट नाही, आपल्याकडे सगळीकडे 'मुलांवर बंदी' छापून आलं, आणि वाचणाऱ्याला वाटतं पोरगं सापडलं तर त्याला शिक्षा. तिथे दंड आहे तो कंपनीला, 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, मुलाला नाही की पालकांना नाही. कायद्याच्या नावातसुद्धा बंदी नाही, 'किमान वय' आहे. मग किमान वयच लिहा ना.

— वयाचं निघालंच आहे तर 'मूल' म्हणजे कितीपर्यंत तेही लिहा. 1989 च्या बालहक्क करारात 18, अमेरिकेच्या 1998 च्या मुलांच्या ऑनलाइन प्रायव्हसीच्या कायद्यात 13 (अॅपवाल्यांचा लाडका तेराचा आकडा तिथलाच), भारताच्या 2023 च्या डेटा कायद्यात पुन्हा 18. आणि प्लीज 'अज्ञान' नको, जुन्या कागदपत्रांत 18 च्या खालचा तो अज्ञान, पण मोबाइलच्या बाबतीत घरात अज्ञान कोण असतं ते सगळ्यांना माहितीये 😄

— एक सिरीयस मुद्दा. पत्रकात 'चाइल्ड पॉर्न' असेल तर काढा. भारताच्या सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2024 मधे न्यायालयांना तो शब्द वापरू नका असं बजावलं, कारण त्यात राजीखुशीचा वास येतो आणि प्रत्यक्षात प्रत्येक फोटोमागे एका मुलावर झालेला अत्याचार असतो. कोर्टाने त्याऐवजी सुचवलेल्या शब्दाचं मराठी 'बाल लैंगिक शोषण आणि अत्याचार साहित्य' असं होईल, पण 'साहित्य' वाचलं की मला कथा-कविता आठवतात.

— सामग्री?

— सामग्री पूजेची. सरळ 'मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे फोटो आणि व्हिडिओ' लिहा. ऐकायला कानाला बोचतं, बोचू दे.

— सगळ्यांचे आभार, मी मूळ प्रश्नवाली. सुरक्षितता केलं, किमान वय केलं, शेवटचं वाक्य आहे तसंच घेतलं. ग्रूमिंगला पहिल्यांदा 'ग्रूमिंग, म्हणजे कपटाने लळा लावणे' आणि पुढे नुसतं ग्रूमिंग, कारण उद्या तक्रार करायला गेले तर समोरचा तोच शब्द वापरणार. भाचीला दाखवलं, म्हणाली "हां म्हणजे तो खूप छान वागणारा दादा". आता असं करणाऱ्याला काय म्हणायचं तेवढं सुचवा, 'लळालाव्या' सोडून.