अनुभव धागा: ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट आणि हालचाल

मेहरूणकाठ:
आखाजी (अक्षय्य तृतीया) आली, मांडे (खापरावरच्या मोठ्या पुरणपोळ्या) डोळ्यासमोर आले. दोन्ही हातांवर मांडा पसरायचा तर खांदा मोकळा हवा, आणि ऑपरेशननंतर अडतो तो खांदाच. म्हणून हा धागा. ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) आहे तोवर हात खांद्याच्या वर नेऊ नये. मूठ उघडमिट, कोपर वाकवणं पुरे. ड्रेन निघून सर्जननी हो म्हटलं की भिंतीकडे तोंड करून बोटं वर चढवत न्यायची, ताण लागेल तिथे चार-पाच श्वास थांबायचं, तसंच खाली. भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. काखेत दोरीसारखं ताणलं तर फिजिओला दाखवा, हिसका देऊ नका.

पांझरा_चौपाटी:
केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. तेव्हा बाजार, लग्नं नकोत. गच्चीवर दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. ताप १००.४ फॅरनहाइटला गेला की चालणं बंद आणि रात्र असली तरी डॉक्टरांना फोन. पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघत बसतात लोक, तेच महागात पडतं.

चाळीसगावची_सून:
व माय, मे महिन्यात चालायचं कधी? नऊलाच चटके!

मेहरूणकाठ:
उजाडलं की लगेच. पण पॅक्लिटॅक्सेल (केमोचं एक औषध, त्याने हातपाय बधिर होऊ शकतात) चालू असेल तर अंधारात नको, चपलाही नको. तळवे बधिर असले की खडा टोचलेला कळत नाही. बूटच.

कपाशी७:
कापूस वेचणीचं सांगा कोणीतरी. दिवाळीपर्यंत बरं होईल ना सगळं?

पांझरा_चौपाटी:
ताई, काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला बोंडाचे ओरखडे नकोत. हातमोजे, पूर्ण बाही. हात लाल, गरम, सुजलेला दिसला तर त्याच दिवशी दवाखाना. मात्र ‘त्या हाताने काही उचलायचंच नाही’ हे जुनं झालं. अर्ध्या लिटरच्या भरलेल्या बाटलीपासून सुरू करा, हळूहळू वाढवा. दुसऱ्या दिवशी बांगडी घट्ट झाली तर वजन परत कमी करा. भरलेला हंडा एकदम नाही.

चाळीसगावची_सून:
म्हणजे बडगीत (लाकडी भांड्यात) भरीत ठेचायला सुट्टी नाहीच 😄

मेहरूणकाठ:
ठेचा, पण वांगी भाजायला दुसऱ्याला बसवा. रेडिएशन घेतलेल्या कातडीला कपाशीच्या काड्यांची आच सोसत नाही. भिंतीचा व्यायाम रेडिएशन संपल्यावरही सोडू नका, खांदा नंतरही आखडत जातो.

धुळेकर_भाऊ:
वहिनींना लेट्रोझोल (हार्मोन कमी करणारी गोळी) आहे, सकाळी गुडघे धरतात. झोपून राहू देऊ का?

पांझरा_चौपाटी:
नाही हो. अंथरुणातच पाय हलवायचे, मग चालायचं, चालल्यावर सैल पडतात. हाडांत कॅन्सर पसरला असेल तर मात्र कंबर पिळणं, वजन उचलणं विचारल्याशिवाय नाही. हिमोग्लोबिन ८ च्या खाली, किंवा चालताना छातीत दुखतंय, धाप लागतेय, तर आधी डॉक्टर.

कपाशी७:
भरीताची हिरवी वांगी आता कुठे मिळतील?

मेहरूणकाठ:
जळगाव जिल्ह्यातल्या बामणोद गावाकडे विचारा, पण थंडी सरली की नुसत्या बिया.