एचआयव्ही टेस्ट कुठं करावी? बजेट ५००, ओळखीचं कोण भेटायला नको

झोप_उडाली: नवीन आयडी काढून लिहितोय, समजून घ्या. १९ दिवस झाले, ट्रिपला गेलेलो, तिथं एकीसोबत झालं, कंडोम होता पण नंतर बघतो तर फाटलेला. तेव्हापासून घसा दुखतोय, दोनदा जुलाब झाले, रात्री ३ ला उठून लक्षणं वाचत बसतो. साखरपुडा झालाय, दिवाळीनंतर लग्न. ५०० च्या आत सांगा. कोल्हापुरात राजारामपुरी सोडून, तिथल्या एका लॅबमध्ये आत्याचा पोरगा कामाला आहे.

पेठेतला_गडी: भावा शांत हो पहिलं. माझं २०१९ ला असंच झालं, आणि माझ्याकडं तर कंडोम पण नव्हता, सहा वेळा टेस्ट केली, सहाच्या सहा निगेटिव्ह. फुल बॉडी पॅकेज घे, ३२००, घरी येऊन रक्त नेतात, थायरॉईड पण कळतं.

झोप_उडाली: ५०० लिहिलंय की ओ. आणि घरी?? दार आई उघडणार.

राधानगरी_रोड: घरपोच नकोच. आमच्या वडिलांच्या शुगरचा रिपोर्ट एका लॅबनं शेजारच्या काकांना पाठवला, वडील चोरून खातात ते सगळ्या गल्लीला कळलं. तुझा गेला तर काय करशील.

शाहूपुरी_७७: एवढं कशाला, रक्तदान शिबिरात जा, फुकट तपासतात, वर चहा बिस्किट.

लाल_फीत: शाहूपुरी, हे कृपा करून कुणाला सांगू नका. लागण नवीन असली तर शिबिराच्या तपासणीत सुटू शकते आणि ते रक्त कुणाच्या तरी बाळंतपणात चढतं. टेस्ट हवी म्हणून रक्त द्यायचं नसतं.
झोप_उडाली, मी ९ वर्षं समुपदेशनात आहे. घसा आणि जुलाबावरून काहीच ठरत नाही, जागरणानं आणि भीतीनं पण होतं. सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्र) आहे, टेस्ट फुकट, आधी बोलून घेतात, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं तुमच्या संमतीशिवाय तुमचा रिपोर्ट सहसा कुणाला सांगता येत नाही. पण तिथं सहसा अँटीबॉडीची (शरीर विषाणूविरुद्ध जे बनवतं ते शोधणारी) रॅपिड टेस्ट असते, तिच्या निगेटिव्हवर ३ महिन्यांनी विश्वास ठेवा. लॅबमधली चौथ्या पिढीची अँटीजेन-अँटीबॉडी टेस्ट विषाणूचा भाग पण शोधते, ती ४५ दिवसांनी पक्की. आज केली तर अर्धंच उत्तर मिळेल. व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची टेस्ट) पण करा.

पेठेतला_गडी: तेच म्हणतोय मी, शांत हो.

मिरज_पॅसेंजर: लागण होऊ नये म्हणून ७२ तासांच्या आत गोळ्या चालू करायच्या असतात, २८ दिवस घ्यायच्या, तेव्हा काय झोपला होतास काय

लाल_फीत: बरोबर, पण आता ती वेळ गेली, आता टोमणे मारून उपयोग नाही. पुढं कुणावर अशी वेळ आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मध्यरात्री भीती वाटली तर १०९७ ही एचआयव्हीची हेल्पलाइन लावा, पैसे पडत नाहीत.

शाहूपुरी_७७: बरं चुकलं माझं. पण डास चावून होतो का? आमच्याकडं लई डास.

लाल_फीत: नाही.

राधानगरी_रोड: सीपीआरला जाताना गाडी दसरा चौकात लाव.

पेठेतला_गडी: दसरा चौकात जागा मिळाली तर मला फोन कर, हार घेऊन येतो.

मिरज_पॅसेंजर: रेल्वेनं मिरजेला या, तिथं कोण ओळखत नाही. मला तरी कुणी ओळखलं नाही.

झोप_उडाली: सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं सगळं पटलं, पण ४५ दिवस थांबणं जमणार नाही, आणि फुकटच्या टेस्टवर माझं मन बसत नाही, उगच आहे पण आहे. रविवारी बेळगावला जातोय, लॅबला फोन केला, चौथ्या पिढीची ९०० ला करतात. परत ४५ व्या दिवशी करीन. घरी सांगितलंय कुंदा आणायला चाललोय.

राधानगरी_रोड: बजेट ५०० होतं न्हवं?

लाल_फीत: चालेल. ४५ व्या दिवसाची तारीख आत्ताच लिहून ठेवा. आणि तोवर कुणासोबत कंडोमशिवाय नाही.

पेठेतला_गडी: कुंदा खरंच घेऊन जा भावा, मी विसरलेलो.