जुन्या दातांवरील डाग पाण्याचे की मातीचे?

प्रश्न : चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या गावाशेजारी एका वावरात शेततळे खोदताना मानवी जबडा निघाला. तो पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात देण्यापूर्वी जवळून पाहता आला. दातांची मुळे काळपट, दर्शनी भागावर तपकिरी छटा आणि एका दाढेवर हिरवट ठिपका होता. आमच्याकडे बोअरच्या पाण्यामुळे मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात. हेही त्याच पाण्याचे डाग असतील का?

उत्तर १ (मृदाशास्त्राचा विद्यार्थी) : मुळे काळी असतील तर आधी मातीवर संशय घ्यावा. पावसाळ्यात काळी माती पाण्याने तुडुंब भरली की आतला प्राणवायू संपतो आणि लोह व मँगनीज विरघळतात. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडून हवा शिरली की तेच ऑक्साइड होऊन सच्छिद्र दंतिनात (दाताच्या आतल्या थरात) आणि मुळांवर बसतात. हिरवा ठिपका बहुधा शेजारच्या तांब्याच्या वस्तूचा असावा. नागपूरजवळील माहुरझरीच्या प्राचीन दफनांत घोड्यांचे तांब्याचे अलंकार मिळालेच आहेत.

उत्तर २ (दंतवैद्य) : बोअरच्या पाण्यातील फ्लुओराइडचा दोष बालपणी, दंतवल्क (दाताचे कठीण बाहेरचे आवरण) घडत असतानाच होतो. सच्छिद्र राहिलेले दंतवल्क दात उगवल्यानंतर रंग शोषते. म्हणून आडवे पट्टे डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखेच दिसतात, मुळांवर दिसत नाहीत. आपण सांगता त्या तपकिरी छटेला असे पट्टे होते का?

प्रश्नकर्ता : पट्टे नव्हते, तडांच्या कडेने रंग अधिक गडद होता. दातातील फ्लुओराइड मोजले, तर निकाल लागेल ना?

उत्तर १ : नाही. पुरलेली हाडे आणि दात भूजलातील फ्लुओरीन शोषत राहतात. या गुणाचा उपयोग अवशेषांचे सापेक्ष वय ठरवण्यासाठीही झाला असून इंग्लंडमधील पिल्टडाउनच्या खोट्या आदिमानव-अवशेषांची बनवेगिरी 1953 साली उघड होण्यात त्याचा हात होता. आपल्यासारख्या फ्लुओराइडयुक्त पट्ट्यात तर जे पाणी जिवंतपणी प्यायले, त्याच पाण्यात दात पुढे शतकानुशतके भिजत राहिला असू शकतो. म्हणून एकूण प्रमाणापेक्षा दाताचा पातळ छेद घेऊन लोह, मँगनीज आणि फ्लुओरीन कोणत्या थरात किती खोल गेले आहेत, हे पाहावे लागते. रंग तडांमधून आत शिरलेला असेल, तर तो पुरल्यानंतरचा. आपल्या वर्णनावरून तरी मला हा मातीचाच डाग वाटतो.

उत्तर २ : सहमत. पुन्हा असे काही निघाल्यास कृपया लिंबू, आम्ल किंवा ब्रश लावू नये. डागाबरोबर पुरावाही धुऊन जातो.