पान किती वेळ ओलं होतं ते सांगणारं यंत्र: एकाचे पाच करायचे आहेत, आधी काय करू?

अंबडची_ताई:
नमस्कार. मी अंबडला कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. माहेर दिंडोरी तालुक्यातलं, भावाची तीन एकर थॉमसन द्राक्षबाग आहे.

गेल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला. भाऊ रोज पहाटे पाचला फोन करायचा, "ताई, रात्री पानं किती वेळ ओली राहिली असतील गं? फवारू का थांबू?" डाऊनी या बुरशीसारख्या रोगाचं बी पानावर पाणी टिकलं तरच रुजतं, म्हणून किती तास ओलं होतं यावर सगळं ठरतं. आणि रात्रभर बागेत कोण बसणार?

म्हणून एक पट्टी केली. पीसीबीवर (सर्किटच्या पाटीवर) कंगव्यासारखे तांब्याचे दोन ट्रॅक, वरून पांढऱ्या लेटेक्स रंगाचा हात म्हणजे थेंब पानासारखा पसरतो, आणि पंचेचाळीस अंशात तिरकी बसवली. सोबत तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, ईएसपी-३२ या कंट्रोलर चिपचा तयार बोर्ड आणि घरापर्यंत चारशे मीटर लोरा, म्हणजे कमी विजेवर लांब जाणारा रेडिओ. सकाळी भावाच्या फोनवर येतं, "रात्री ९.४० ते सकाळी ७.१० पान ओलं." त्याच्या भरवशावर त्याने हंगामात दोन फवारण्या वाचवल्या.

आता शेजारचे चौघं मागतायत. सुट्या भागांचा खर्च २,४०० रुपये आला. डब्याच्या मोल्डला (प्लॅस्टिकच्या साच्याला) एकाने अडीच लाख सांगितले. माझ्याकडे साठलेले एक लाख ऐंशी हजार आहेत. पेटंट आधी की मोल्ड आधी? आणि नोकरी सोडायची का? घरी रोज हाच विषय चालू आहे. ऑक्टोबर छाटणीला अडीच महिने उरलेत.

सातपूरकर:
ताई, मोल्ड नको आणि नोकरी तर अजिबात सोडू नका. मी सातपूर एमआयडीसीत एकतीस वर्षं टेस्टिंगलाच काढली, म्हणून तुमचं लिहिणं वाचून लगेच उत्तर द्यावंसं वाटलं.

पहिली गोष्ट पट्टीची. पावसाळ्यात भाऊ बोर्डो मारत असणारच. मोरचूद आणि चुना पट्टीवरही बसतो. त्या थरात क्षार असतात, नुसत्या दमट हवेतसुद्धा ते ओल धरतात. म्हणजे पान सुकलं तरी पट्टी "ओलं" म्हणत राहील. तुमच्या यंत्राचा खरा कस इथे लागणार आहे. वर्षभर बागेत राहिलेली पट्टी काढा, शेजारी कोरी पट्टी लावा, आठवडाभर दोन्हींचे आकडे ताडून बघा. दुसरं, ट्रॅकला सतत एकाच दिशेने करंट देत असाल तर तांबं झिजतं. क्षणभरच द्या आणि दर वेळी दिशा उलटवा. पुढचे बोर्ड करून घेताना ट्रॅकवर सोन्याचा मुलामा मागा, पाच बोर्डांत फार फरक पडत नाही.

मग बॅटरी. ईएसपी-३२ ची चिप गाढ झोपेत दहा-एक मायक्रोअँपिअर घेते, पण तयार बोर्डावरचा रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि तो लाल दिवा जागेच असतात. बोर्ड झोपेत ८ मिलिअँपिअर खात असेल तर २६०० मिलिअँपिअर-तासांचा सेल तेरा दिवसांत संपतो. भावाच्या बागेत तुम्ही दर रविवारी जाता, सेल बदलता, म्हणून हे जाणवलं नसेल. शेजाऱ्याच्या बागेत कोण जाणार? नुसतं ईएसपी-३२ चं मॉड्यूल घ्या, कमी खाणारा रेग्युलेटर लावा, स्वतःचा बोर्ड कायकॅड या सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढा. मीटर लावून झोपेतला करंट मोजा, तो आकडा कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

डबा बाजारातला तयार घ्या, धूळ-पाणी अडवणारा आयपी-६५ चा, एबीएस प्लॅस्टिकचा, पांढरा किंवा करडा. थ्रीडी प्रिंटवाला पीएलए प्लॅस्टिक देऊ करेल, तो घेऊ नका. साठ अंशांच्या आसपास तो मऊ पडतो आणि एप्रिलच्या उन्हात बंद डबा आतून भयंकर तापतो. केबल ग्लँड (वायर आत घ्यायचं घट्ट बूच) डब्याच्या खालच्या बाजूला, वर कधीच नाही. बोर्डाला कन्फॉर्मल कोटिंग (ओलीपासून वाचवणारा पातळ लेप), पण कनेक्टर आणि सेन्सरचं तोंड झाकून. अँटेना मांडवाच्या तारांच्या वर काढा, लोखंडी अँगल आणि तारांच्या जाळ्यात सिग्नल अडतो.

पाचही यंत्रं एकसारखी तपासायला छोटं जिग, म्हणजे तपासणीची मांडणी करा. पट्टीच्या जागी ठरावीक रेझिस्टर लावून प्रत्येक बोर्डाने तोच आकडा दाखवला पाहिजे. हे तुम्हाला मी काय शिकवणार, रोजचंच काम आहे तुमचं. पण घरच्या वस्तूला आपण ते लावत नाही.

२०१५ च्या सिंहस्थात आपल्याच नाशिकच्या शाळकरी मुलाने मित्रांसोबत पावलं मोजणारी चटई केली होती, 'अशिओटो'. कुंभथॉन या नवकल्पनांच्या उपक्रमातून आलेली. टेबलावर चालणारी वस्तू हजारो पायांखाली अंथरायची, हे मला तेव्हा फार मोठं वाटलं होतं आणि आजही वाटतं. तुमचीही चटई आता अंथरायची वेळ आलीय. पाच बागा, छाटणी ते काढणी. मोल्डचं त्यानंतर बघू.

निफाडचा_बागायतदार:
मी घेणारा माणूस म्हणून बोलतो. माझ्याकडे पाच एकर आहे. मला ग्राफ नको, ॲप नको. ताईंनी लिहिलाय तसा मराठीत एक ओळीचा मेसेज पाहिजे, तोपर्यंत पान किती वेळ ओलं ते सांगणारा, आणि तो सहाच्या आत. सातला आला तर फवारणीचा ब्लोअर जोडून झालेला असतो.

दुसरं, यंत्र बंद पडलं तर ते बंद पडलंय असं कळलं पाहिजे. मेसेज आला नाही म्हणून मी "कोरडं असेल" असं धरलं आणि घडावर डाऊनी आली, तर वर्षाचं उत्पन्न गेलं. फवारणी वाया गेलेली परवडते, चुकलेली परवडत नाही.

जागा पण बघा. माझ्या बागेत ओढ्याकडच्या सखल कोपऱ्यात दव सगळ्यात उशिरा उठतं, रस्त्याच्या कडेला दोन तास आधी. एकच पट्टी लावायची तर त्या कोपऱ्यात. आणि खांबाला घट्ट बांधा, शेंडे खुडताना बायांचा हात लागतो, ट्रॅक्टर वळताना धक्का बसतो.

फुकट देऊ नका. फुकटची वस्तू बांधाला पडून राहते. मी सहा हजार देईन, पण हंगामभर फोन उचलायचा.

कागदपत्रवाला:
पेटंटबद्दल थोडक्यात. पानाची ओल मोजणारे सेन्सर जगात कित्येक वर्षांपासून आहेत, त्यामुळे मूळ कल्पनेवर पेटंट मिळणार नाही. फवारणीचा थर ओळखून आकडा दुरुस्त करायची काही नवी रीत तुम्हाला सापडली, तर मात्र ती कुठल्याही प्रदर्शनात किंवा अशा चर्चेत मांडायच्या आधी पेटंटचा प्रोव्हिजनल (प्राथमिक) अर्ज करा. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन फी १,६०० रुपये आहे. मग पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात, म्हणजे तुमचा एक अख्खा हंगाम.

लोरा ८६५-८६८ मेगाहर्ट्झमध्येच चालवा, तिथे परवाना लागत नाही, पण विक्रीला डब्ल्यूपीसीचं (केंद्राच्या वायरलेस विभागाचं) ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी लागते. मॉड्यूल घेतानाच त्याचे कागद मागा. लिथियम सेल बीआयएसचा आर-नंबर (नोंदणी क्रमांक) छापलेलाच घ्या. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

अंबडची_ताई:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी दिंडोरीला जाऊन आले. सातपूरकर काका, पट्टीवर निळसर पांढरा थर होता, नखाने खरवडला तरी निघेना. शेजारी कोरी पट्टी लावली. पहिल्याच रात्री कोरी पट्टी सकाळी ७.०५ ला सुकली, जुनी ८.५५ ला. म्हणजे भावाला मी जवळजवळ दोन तास जास्त सांगत होते. झोपेतला करंटही मोजला, ९.२ मिलिअँपिअर.

निफाडच्या दादांचं ऐकून कोड बदललाय. सहाला काहीच आलं नाही तर घरातला रिसीव्हर स्वतःहून पाठवतो, "यंत्राशी संपर्क नाही, बागेत जाऊन बघा." भावाला ते मेसेज दाखवल्यावर तो म्हणाला, सहा हजार माझ्याकडूनही घे.

मोल्डवाल्यांना "नको" असं कळवलं. नोकरी चालू ठेवतेय. थराच्या बाबतीत एक गोष्ट सुचलीय, कागदपत्रवाले म्हणाले म्हणून इथे लिहीत नाही. आता एकच विचारते. नाशिकमध्ये सहा-सात बोर्डांना कन्फॉर्मल कोटिंग कोण करून देईल? आमच्या कारखान्याचा नेहमीचा माणूस पन्नासच्या खाली हात लावत नाही.

सातपूरकर:
कोटिंगचा स्प्रे कॅन मिळतो, सहा बोर्डांना एक पुरतो. दोन पातळ हात द्या, मध्ये पूर्ण सुकू द्या. शनिवारी बोर्ड घेऊन माझ्याकडे या, जिगपण सोबत बनवू. पत्ता निरोपात पाठवतो.