वाळूवरच्या गोळ्या कोणाच्या?

दांडियाबाजारकर:
सप्रेम नमस्कार. सुट्टीत आम्ही वडोदऱ्याहून कच्छमधील मांडवीला गेलो होतो. ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूवर बारीक छिद्रांपासून सरळ रेघांत पसरलेल्या, साबुदाण्याएवढ्या असंख्य गोळ्या दिसल्या. ही एखाद्या प्राण्याची विष्ठा असावी काय? शिवाय कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला जातो तेव्हा तेथील चिखलात असे काही का दिसत नाही?

किनारेनिरीक्षक:
ती विष्ठा नव्हे. डॉटिला किंवा स्कोपिमेरा या प्रजातींचे, जेमतेम सेंटिमीटरभर आकाराचे खेकडे ओहोटी लागताच बिळाबाहेर येतात, नांग्यांनी वरच्या थरातील वाळू तोंडात घेतात आणि तोंडातील पाण्याच्या साहाय्याने कणांना चिकटलेली सूक्ष्म शैवाले व सेंद्रिय द्रव्य वेगळे करून, उरलेल्या स्वच्छ वाळूची गोळी बाहेर टाकतात. बिळापासून दूर सरकत चरत असल्याने गोळ्यांच्या रेघा उमटतात. भरती जवळ आली की खेकडा बिळाचे तोंड वाळूने बुजवून आत कोंडलेल्या हवेवर राहतो आणि लाटा सारी नक्षी पुसून टाकतात.

उताराचेही महत्त्व आहे. सपाट, बारीक वाळूच्या किनाऱ्यावर ओल आणि अन्न टिकते. तीव्र उताराच्या भरड वाळूतून पाणी झरझर निघून जात असल्याने तिथे फार थोड्या जातींचा निभाव लागतो.

महीकाठ:
वरील उत्तर योग्यच आहे. मात्र कंबोईचा चिखल रिकामा आहे, असा समज होऊ नये. खंभातच्या आखातातील चिखलपट्ट्यांवर, नराची एक नांगी अवाढव्य असलेले खेकडे राहतात आणि तेही याच रीतीने गाळ चाळतात. एवढेच की अशा गाळात प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरांपुरताच असतो आणि खालचा काळा थर सडक्या अंड्यासारखा वास देतो. त्यामुळे आत राहणाऱ्या कृमींना बिळातून पाणी खेळवत राहावे लागते.

दांडियाबाजारकर:
आभारी आहे. मुलांना हे दाखवायचे झाल्यास केव्हा व कुठे जावे?

किनारेनिरीक्षक:
अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जावे, कारण उधाणाच्या दिवसांत ओहोटीही सर्वांत खोलवर जाते. ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, हे ध्यानात ठेवावे. जामनगरजवळचे नरारा उत्तम. ते 1982 सालच्या सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रात असल्याने वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. खंभातच्या आखातात मात्र मुलांना चिखलात दूरवर नेऊ नये. तेथील भरती फार वेगाने चढते.