परिषदेतील नव्या संगीताच्या मैफली : किती रचना घ्याव्यात आणि क्रम कसा लावावा?

प्रश्न

नमस्कार. जर्मनीतील ज्या विद्यापीठात मी संशोधन करते, तिथे पुढील वर्षी संगणक-संगीतावरची, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने घडवलेल्या संगीतावरची, परिषद भरणार असून तिच्या सायंकालीन मैफलींचे नियोजन माझ्याकडे आले आहे. रचनाकारांची नावे झाकून परीक्षकांनी ४० रचना स्वीकारण्याजोग्या ठरवल्या आहेत. हाताशी चार संध्याकाळी, श्रोत्यांभोवती वर्तुळात मांडलेले ८ स्पीकर, एक फ्लूटवादक आणि एक चेलोवादक आहेत. गुणानुक्रमे पहिल्या ३२ रचना घेऊन रोज आठ वाजवाव्यात, असे समितीतील बहुतेकांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, कारण शोधनिबंधांची यादी लावावी तशी मैफल लावता येत नाही. ज्यांनी असे कार्यक्रम आखले किंवा त्यांत वाजवले आहे, त्यांचा अनुभव कृपया कळवावा.

प्रतिसाद १

मी चेलो वाजवतो आणि अशा परिषदांत अनेकदा वाजवले आहे. सरासरी ८ मिनिटांच्या ८ रचना म्हणजे ६४ मिनिटे. मधल्या सात बदलांना प्रत्येकी ४ मिनिटे धरली, तर आणखी २८. दिवसभर निबंध ऐकून आलेल्यांचे कान तोवर थकलेले असतात आणि तो थकवा नेमका शेवटच्या रचनाकारांच्या वाट्याला येतो. याहून मोठी अडचण तालमीची आहे. लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्सच्या रचनेत, म्हणजे वादकाचा स्वर संगणक तिथल्या तिथे बदलतो अशा रचनेत, स्वरलिपी वाचून भागत नाही. मायक्रोफोनमधून गेलेला माझाच स्वर संगणक किती उशिराने आणि कोणत्या स्पीकरमधून परत आणतो, संगणकाला पुढच्या भागात नेणारे पेडल नेमके कुठे दाबायचे, हे त्याच सभागृहात वाजवल्याशिवाय समजत नाही. एका परिषदेत चार नव्या रचनांसाठी मला एकच सकाळ मिळाली होती. चौथीची तालीम झालीच नाही, आणि संध्याकाळी संगणक मध्येच पुढच्या भागात गेला. रचना उत्तम होती, पण ते तिथे कोणालाही कळले नाही, याची खंत मला आजही आहे. म्हणून एका वादकाला एका संध्याकाळी दोनच रचना द्या आणि प्रत्येकीला सभागृहातला किमान एक तास राखून ठेवा.

प्रतिसाद २

तालमीविषयी दुमत नाही, पण रचना कमी करण्यापूर्वी एक विचार व्हावा. नाव कार्यक्रमात असल्याशिवाय अनेक विद्यापीठे प्रवासखर्च देत नाहीत, त्यामुळे पुण्या-मुंबईहून अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने गाळली गेलेली रचना म्हणजे हुकलेली परिषदच असते. दोन चॅनेलच्या, म्हणजे दोनच स्पीकरांसाठी केलेल्या, ध्वनिमुद्रित रचनांसाठी दुपारची छोटी मैफल किंवा वेगळी श्रवण-खोली ठेवता येईल; मात्र आठ चॅनेलची रचना हेडफोनवर ढकलू नये, कारण तिची मांडणीच श्रोत्याभोवतीच्या अवकाशात झालेली असते. कालमर्यादाही ताठर नको. १९६० साली जर्मनीतील कोलोनमध्ये प्रथम सादर झालेली जर्मन रचनाकार श्टॉकहाउझेन यांची ‘कोंटाक्टे’ ही रचना सुमारे ३५ मिनिटांची आहे, म्हणजे समजा दहा मिनिटांचा नियम केला असता, तर तिला प्रवेशच मिळाला नसता.

प्रतिसाद ३

मी क्रमाविषयी लिहिते. १९७४ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या ईस्ट लॅन्सिंग येथे पहिली आंतरराष्ट्रीय संगणक-संगीत परिषद झाली. या क्षेत्रात निबंधात केलेला दावा कानाने पडताळण्याची जागा मैफल हीच आहे, आणि ती पडताळणी क्रमावर फार अवलंबून असते. आपल्याकडे एका विलंबित ख्यालापाठोपाठ तेवढाच मोठा दुसरा ख्याल सहसा कोणी मांडत नाही. इथे मात्र तीन घनदाट, कर्कश रचना सलग लावल्या जातात आणि त्यांच्यामागून येणारी नाजूक रचना वाया जाते. ती आरंभी किंवा मध्यंतरानंतर लगेच घ्या. चेलोची खुर्ची, फ्लूटचे स्टँड, मायक्रोफोन हे सारे दार उघडण्यापूर्वीच मांडून ठेवा आणि ज्याची पाळी असेल त्याच्यावरच प्रकाश टाका, म्हणजे बदलाची बरीच मिनिटे वाचतील. ध्वनिमुद्रित रचना चालू असताना रंगमंचावर सामान हलवू देऊ नका. रिकाम्या रंगमंचासमोर ऐकणे श्रोत्याला आधीच कठीण जाते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चार संध्याकाळी प्रत्येकी सहा रचना आणि तीन दिवस दुपारी प्रत्येकी पाच रचना, म्हणजे ३९ रचना बसतात. उरलेली एक बरीच दीर्घ आहे, तिच्यासाठी चौथी दुपार मागते. स्पीकरांचा आवाज जिथून नियंत्रित होतो तो मिक्सर सभागृहाच्या मध्यभागी आणण्याची विनंती आजच पाठवते, म्हणजे दोन चॅनेलच्या रचनांचे रचनाकार तिथे बसून आपला ध्वनी आठही स्पीकरांवर स्वतः फिरवू शकतील.