शब्दचर्चा : बांडगूळ नेमकं कशाला म्हणायचं?

पाचोळा :
आमच्या आंब्याच्या खोडावर सीतेची वेणी फुललीय. शेजारचे काका म्हणाले, "बांडगूळ आहे ते, झाड खाईल, काढून टाक." झाडावर वाढतं ते सगळं बांडगूळच का? आणि लिहिताना 'गु' ऱ्हस्व की दीर्घ?

अर्धविराम :
आधी सोपं. बांडगूळ नपुंसकलिंगी. एकटं असताना 'गू' दीर्घ, पुढे काही लागलं की ऱ्हस्व : बांडगुळाचं, बांडगुळं.

अर्थाचं म्हणाल तर काकांची गल्लत झालीय. अमरकोशात 'वन्दा' या शब्दाबरोबर आणखीही नावं येतात, त्यातली दोन बघा : वृक्षरुहा, म्हणजे झाडावर उगवणारी, आणि वृक्षादनी, म्हणजे झाड खाणारी. बांडगुळाला दोन्ही लागू पडतात. तुमची सीतेची वेणी नुसती वृक्षरुहा. ती आमरी, म्हणजे ऑर्किड. खोडाला धरून राहते, पण त्यातून काही शोषत नाही. लोंबत्या मुळांवर पांढरट, स्पंजासारखं आवरण असतं, ते पावसाचं पाणी टिपतं. पुस्तकी मराठीत अशांना 'अपिवनस्पती' म्हणतात. हा शब्द घडवणाऱ्याने तो कधी मोठ्याने म्हणून पाहिला होता का, कोण जाणे.

दापोलीकर :
आम्ही दरवर्षी कलमांवरची बांडगुळं काढतो. नुसता पाला ओरबाडून भागत नाही, चिकटलंय त्याच्या खालून फांदीच कापावी लागते. नाहीतर आत राहिलेल्या भागातून परत फुटतं.

ते येतं कसं, तेही बघण्यासारखं. फुलटोचा म्हणून अंगठ्याएवढा पक्षी असतो, तो याची फळं खातो. बी इतकी चिकट की शिटेतून बाहेर पडली तरी सुटत नाही. मग पक्षी फांदीवर बूड घासतो आणि बी तिथेच रुजते.

पण माणसाला 'समाजावरचं बांडगूळ' म्हणतात ना, ते मला पटत नाही. बांडगुळाची पानं हिरवीगार असतात, अन्न ते बरंचसं स्वतःच करतं. झाडाकडून घेतं ते पाणी आणि क्षार. ते मात्र दाबून घेतं : झाडापेक्षा जास्त पाणी पानांवाटे उडवत राहतं, म्हणजे ओढ सतत त्याच्याकडे. उन्हाळ्यात त्याच्यापुढची फांदी वाळते ती यामुळेच.

वऱ्हाडकर :
ऐतखाऊच बघायचा तर आमच्याकडे सोयाबीन-तुरीवर अमरवेल बघा. पिवळ्या दोऱ्यांचा गुंता, पान औषधालाही नाही. बी रुजल्यावर थोड्या दिवसांत आधार सापडला नाही तर ती मरते. सापडला की पिळा घालते आणि जमिनीशी नातंच तोडते. तुटलेला तुकडा दुसऱ्या झाडावर पडला तरी जगतो, म्हणून 'अमर'. शिवी बांडगुळाला आणि हिला एवढं देखणं नाव!

अर्धविराम :
याहून मोठी गंमत चंदनाची आहे. दुसऱ्यासाठी कष्ट उपसणाऱ्याला आपण 'चंदनासारखा झिजला' म्हणतो. पण बांडगुळासारखं चंदनही अर्धपरजीवीच, म्हणजे अन्न स्वतः करून पाणी-क्षार दुसऱ्याकडून घेणारं! जमिनीखाली शेजारच्या झाडांच्या मुळांना आपली मुळं चिकटवून पाणी-क्षार ओढतं. म्हणून तर लागवडीत रोपाशेजारी तूर लावतात. वर्गीकरणात चंदन आणि आपलं बांडगूळ एकाच गणातले, आणि त्या गणाचं नाव पडलंय चंदनावरून. सहाणेवरचं झिजणं सगळ्यांना दिसलं, मातीआडचं शोषणं कुणाला दिसलं नाही.

वऱ्हाडकर :
म्हणजे शोकसभेत 'चंदनासारखे झिजले' म्हणून झाल्यावर तुरीसाठीही दोन मिनिटं उभं राहायला हवं.

पाचोळा :
काकांना वाचून दाखवलं. वेणी राहिली. पण वरच्या फांदीवर खरंखुरं बांडगूळ निघालं, ते त्यांनीच आधी पाहिलं. उद्या करवत घेऊन येतायत.